रजिस्टर एडीनं आलेलं औषध

सुरुवातीलाच सांगून टाकतो: पाचापैकी चार तारे. जो एक कापलाय तो औषधाचा नाही, माणसांचा कापलाय. कसा ते पुढं येईल.

मी कराडात आणि आसपासच्या गावांत छत्तीस वर्षं पोस्टमन होतो. आधी सायकल, शेवटी-शेवटी मोटारसायकल. आता वय ६९. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय, आणि त्यासाठी पुण्यातल्या एका खाजगी न्यूक्लिअर मेडिसिन केंद्रात मी 'लुटेशियम-१७७ पीएसएमए' या औषधाचे चार डोस घेतले. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार लिहायची आहे, आणि पाचवा डोसही तिथंच घ्यायचाय. डॉक्टर मंडळी याला 'टार्गेटेड डिलिव्हरी' म्हणतात. तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी पलंगावर उठून बसलो. डिलिव्हरी म्हणजे आमच्या भाषेत बटवडा. औषध कसलं ते डॉक्टर जाणोत, पण बटवडा नीट झाला की नाही हे मला कुणी शिकवायला नको.

दुखणं सुरू झालं २०२१च्या दिवाळीत. उजव्या कमरेत, आणि रात्री जास्त. मला वाटलं पिशवीचं दुखणं. जन्मभर एकाच खांद्यावर ओझं वाहिलेला माणूस, कंबर धरणारच. आधी मलम, मग कॅल्शियमच्या गोळ्या, मग कमरेचा पट्टा, यात चार महिने गेले. पीएसए नावाची रक्ततपासणी झाली तेव्हा आकडा आला २१४. चारच्या आत असला म्हणजे बरं, असं लॅबच्या कागदावरच छापलेलं होतं, त्यामुळे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग बोन स्कॅन. याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. टेक्निशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य एका फॉस्फेटच्या जातीच्या औषधाला जोडून हातातून टोचतात. मग तीन तास बसायचं, पाणी पीत राहायचं, लघवी करत राहायचं. हाडांना नको असलेलं निघून जातं, उरलेलं हाडांत चमकतं, आणि वरचा कॅमेरा फोटो घेतो. माझ्या फोटोत मणके, माकडहाड, दोन फासळ्या, उजवा खुबा काळे दिसत होते. आणि उजवा घोटाही.

घोटा बघून माझा धीर सुटला. म्हटलं पायापर्यंत गेला की काय. डॉक्टर म्हणाले, "घोट्याला काही लागलं होतं का?" लागलं होतं. एका वाडीत कुत्रं मागं लागलं तेव्हा सायकलसकट ओढ्यात गेलो होतो, तेव्हापासून तो सांधा कुरकुरतो. ते म्हणाले, "मग तो कॅन्सर नाही, झीज आहे. हे औषध कॅन्सर ओळखत नाही. जिथं हाडाचं नवं बांधकाम चाललंय तिथं जाऊन बसतं. कॅन्सरनं हाड पोखरलं की शरीर डागडुजी करतं, म्हणून तिथंही बसतं."

हे मला लगेच कळलं. पाकिटावर नाव नाही, गल्ली नाही, फक्त लिहिलंय 'जिथं वाळू-सिमेंट पडलंय ते घर'. पोस्टमन काय करणार? बांधकाम दिसेल त्या प्रत्येक दारात एकेक पत्र टाकत जाणार.

नंतरची दोन-अडीच वर्षं भरभर सांगतो. संप्रेरकाचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. मग ॲबिरॅटेरॉनच्या गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोन. मग डोसिटॅक्सेलच्या सहा केमो, तीन-तीन आठवड्यांनी. केस गेले, नखं काळी पडली, तोंडाची चव गेली. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड, चार मिलिग्रॅम, सलाइनमधून पंधरा मिनिटांत. त्याआधी दात तपासून घ्यायला सांगितले आणि दोन दात आधीच काढले, कारण ते औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. ज्यांचं हे औषध सुरू होणार आहे त्यांनी आधी दातवाल्याकडे जाऊन या. फुकटचा सल्ला आहे, पण छत्तीस वर्षांत मी दिलेल्या कुठल्याही पत्रापेक्षा मोलाचा.

केमोबद्दल माझी तक्रार अशी की त्यात पोचपावती नव्हती. औषध शिरेत गेलं. पुढं काय झालं? केसांना पोचलं हे दिसलं. जिभेला पोचलं हे कळलं. ज्याच्या नावानं पाठवलं होतं त्याला पोचलं का? ते तीन महिन्यांनी पीएसए बघून अंदाजानं सांगणार. आमच्याकडं याला साधं टपाल म्हणतात. पेटीत टाकलं, देव पावो.

२०२४च्या पावसाळ्यात पीएसए पुन्हा १४८ झाला. आणि आता एका फसवणुकीचं लिहितो, कारण असं वाचणाऱ्यांमध्ये कुणीतरी त्याच वाटेवर असेल. एक गृहस्थ घरी आले, बॅगेत रंगीत पत्रकं. 'नॅनो हळद'. म्हणे हळदीचे कण इतके बारीक केलेत की ते थेट कॅन्सरच्या पेशीत शिरतात, हाडातसुद्धा. बाटली ३,८०० रुपयांना, अशा तीन घ्यायच्या. आमच्यापासून तास-दीड तासावर सांगलीची हळदपेठ आहे. तिथं बोली लावून पोती विकली जातात, आणि मी ११,४०० रुपये देऊन साठ-साठ कॅप्सूल हळद घेतली. सौभाग्यवतींनी तेव्हा काही म्हटलं नाही. रोज आमटीत हळद टाकताना मात्र माझ्याकडं बघायची.

पुतणी कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजात शिकते, तिचा प्रकल्पच नॅनोकणांवर आहे. ती सुट्टीला आली, बाटली उलटीपालटी केली, आणि म्हणाली, "आप्पा, यावर कणाचा आकारसुद्धा लिहिलेला नाही." मग त्या रात्री तिनं मला दोन तास शिकवलं. इतकं लक्ष देऊन मी टपाल खात्याच्या परीक्षेलाही ऐकलं नव्हतं.

खरी नॅनो औषधं आहेत, हे आधी तिनं बजावलं. चरबीच्या बारीक फुग्यात भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध १९९५ पासून अमेरिकेत मिळतं. अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून, आधी स्तनाच्या कॅन्सरसाठी. ही दोन्ही आपल्याकडं मिळतात. त्यांच्यावर पत्ता असा काही लिहिलेला नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईत बांधलेल्या, गळक्या असतात. शंभरेक नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण त्या फटींतून बाहेर पडतो आणि तिथं अडकतो. जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे मांडलं. पुढं तीस वर्षं लोकांनी त्यावर प्रयोग केले. मग टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा हिशेब एकत्र मांडला, बहुतेक उंदरांवरचेच, आणि मधला आकडा आला ०.७ टक्के.

"म्हणजे?" मी विचारलं.

"हजार कण टोचले तर गाठीत पोचले सात."

मी चष्मा काढून ठेवला. हजारात सात! आमच्या पोस्टात एखाद्यानं असा बटवडा केला असता तर संध्याकाळच्या आत निलंबनाचा कागद हातात पडला असता. बाकीचे नऊशे त्र्याण्णव कुठं गेले? ती म्हणाली, यकृत आणि प्लीहा. तिथल्या पेशी परका कण दिसला की गिळतात. मूत्रपिंडातून गाळून बाहेर जायला हे कण मोठे पडतात, म्हणून शरीरातच फिरत राहतात आणि शेवटी तिथं जमा होतात. तरी ही औषधं उपयोगी ठरली, कारण हृदयासारख्या नको त्या ठिकाणी ती कमी जातात. बटवड्याची ही बाजू मला पटली. योग्य दारात किती टाकलं एवढंच बघायचं नसतं, चुकीच्या दारात किती टाकलं हेही बघायचं.

मग हाडाचं काय? तर संशोधक नॅनोकणाच्या अंगावर ॲलेंड्रोनेट चिकटवतात. हे ॲलेंड्रोनेट माझ्या झोलेड्रॉनिकचं भावंड, हाड ठिसूळ झालेल्या बायकांना देतात ती गोळी. ते हाडातल्या कॅल्शियमला घट्ट धरतं. कण हाडापर्यंत पोचतो. मी म्हटलं, "पण हा तर पुन्हा वाळू-सिमेंटचा पत्ता!" पुतणी हसली. म्हणाली, "आप्पा, तुम्ही व्हायव्हाला बसा माझ्याऐवजी."

आणि एक गोष्ट तिनं सांगितली ती अजून डोक्यात आहे. कॅन्सरचाच पत्ता लिहिलेला नॅनोकण कुणी केलाच नव्हता असं नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशीच्या अंगावर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं, घरावरच्या पाटीसारखं. अमेरिकेतल्या बाइंड थेराप्यूटिक्स या कंपनीनं नॅनोकणात डोसिटॅक्सेल भरलं, म्हणजे माझंच केमो, आणि वरून पीएसएमएला धरणारा तुकडा लावला. माणसांवर चाचण्यांपर्यंत गेलं. २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तिची मालमत्ता फायझरनं घेतली. पत्ता बरोबर, पाकीट नवं, आत तेच केमो. पण दुकानच बंद पडलं.

"आणि मला जे देणार आहेत ते?" मी विचारलं. कारण पुण्याच्या डॉक्टरांनी तोवर लुटेशियमचं नाव काढलं होतं.

"ते नॅनोकण नाही. साधा लहान रेणू आहे. पत्ता तोच, पीएसएमए. पण पाकिटाऐवजी पोस्टकार्ड समजा. जिथं चिकटलं तिथं चिकटलं, उरलेलं दोन दिवसांत लघवीतून बाहेर."

म्हणजे न मिळालेलं टपाल परत पाठवणाऱ्याकडं. मला पसंत पडलं.

त्याआधी कॅन्सरच्या दारावर पाटी आहे का हे बघावं लागतं. त्यासाठी गॅलियम-६८ चा पेट स्कॅन. गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते बाहेरून मागवून चालत नाही. तिथंच गॅलियम बनवणारा एक जनरेटर असतो, त्यातून रोज काढतात. तिथला तंत्रज्ञ मुलगा कोल्हापूरचा होता, तो म्हणाला, "काका, सकाळची धार काढून झाली की तुमचा नंबर." मला वाटलं थट्टा करतोय, पण धंद्यातला शब्दच तसा आहे म्हणे. गवळ्यासारखं. एकदा काढलं की काही तास थांबायचं, पुन्हा भरतं.

माझ्या पेटमध्ये तेवीस ठिकाणं चमकली. घोटा मात्र अंधारात! ओढ्यातली पडझड यादीतून कटाप. त्या एका गोष्टीनं माझा या औषधावर विश्वास बसला. हे पत्र बांधकाम बघून टाकत नाहीत, पाटी वाचून टाकतात.

बाकावर शेजारी बार्शीकडचे एक शेतकरी होते, माझ्याच वयाचे. त्यांच्या हाडांतल्या काही गाठी साखरेच्या पेटमध्ये, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून काढलेल्या स्कॅनमध्ये, चमकत होत्या, पीएसएमएच्या पेटमध्ये नाही. म्हणजे घरात माणसं आहेत पण दारावर पाटी नाही. त्यांना लुटेशियमसाठी नको म्हणून परत पाठवलं. मुलगा वाद घालत होता, "पैसे भरतो म्हणतोय ना!" बाप गप्प बसून पिशवीतली भाकरी सोडत होता. आम्ही दोघांनी मिळून खाल्ली, शेंगदाण्याची चटणी त्यांची आणि चहा माझा. पैसे घेऊन डोस टोचला असता तर कुणी विचारलंही नसतं. नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांना अर्धा तारा इथला.

आता डोसचा दिवस. सकाळी रक्ततपासणी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन. मग एकट्याची खोली, शिशाचं जड दार, वेगळा संडास. त्या संडासाचं पाणी लगेच गटारात सोडत नाहीत, टाकीत साठवून किरणोत्सार उतरल्यावरच सोडतात. सलाइन लावलं. गालांवर आणि जबड्याखाली बर्फाच्या पिशव्या बांधल्या, लाळग्रंथींचं रक्त कमी व्हावं म्हणून. मी आरशात पाहिलं तर गालगुंड झालेलं पोर.

औषध आलं शिशाच्या डब्यात. मूठभर कुपी आणि डबा असा की दोन हातांनी उचलावा. छातीला किरणोत्सार मोजणारा बिल्ला लावलेला तो कोल्हापूरचा मुलगा ढकलगाडीवरून घेऊन आला. रजिस्टर पाकिटाला लाखेचं सील असायचं त्या दिवसांची आठवण झाली. डोस २०० मिलीक्युरी, हे किरणोत्साराचं माप. अर्धा तास लागला नाही. काही जाणवलं नाही. गरम नाही, थंड नाही, मळमळ नाही. केमोनंतरच्या माणसाला हे फसवणूक वाटावं इतकं सोपं.

मी विचारलं, "हे लुटेशियम येतं कुठून?" म्हणाला, कधी परदेशातून, कधी आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतलं, वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेकडून. लुटेशियमच्या एका जातीवर भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करतात आणि त्यातून हे १७७ बनतं. ध्रुव सुरू झाली ऑगस्ट १९८५ मध्ये, तेव्हा मला नोकरीत पाचवं वर्ष होतं. मनीऑर्डरी वाटत फिरत होतो. ट्रॉम्बेवाल्यांनीच लुटेशियमला हाडांकडं जाणारं ईडीटीएमपी जोडून वेदना कमी करणारं औषधही केलंय. ते स्वस्त आहे आणि मला आधी सुचवलंही होतं. हाडाचं दुखणं थांबवायला अनेकांना त्याचा उपयोग होतो. पण पत्ता तोच, बांधकामाचा. माझ्याकडं पाटी शाबूत होती म्हणून मी हे घेतलं. ज्यांच्याकडं नाही त्यांनी ईडीटीएमपीबद्दल जरूर विचारावं. त्या बार्शीकरांनाही मी तेच सांगितलं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. पोचपावती.

लुटेशियम दोन कामं करतं. त्याचे बीटा किरण पेशी मारतात, आणि ते लांब जात नाहीत, जास्तीत जास्त दोन मिलिमीटर. म्हणजे ज्या घरात पत्र पडलं ते घर आणि फार तर भिंतीला भिंत असलेला शेजारी. पण सोबत थोडे गॅमा किरणही निघतात आणि ते शरीराबाहेर येतात. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा कॅमेऱ्याखाली झोपवलं. नवीन सुई नाही, काही नाही. आदल्या दिवशी दिलेलं औषधच आतून सांगत होतं की मी इथं इथं पोचलोय.

तंत्रज्ञानं पडदा माझ्याकडं वळवला. एका बाजूला पेटचा जुना फोटो, दुसऱ्या बाजूला हा. मी बोट ठेवून मोजायला लागलो. मान, पाठीचे मणके, फासळी, फासळी, माकडहाड, खुबा. सकाळी बीटवर निघण्याआधी टपाल लावून घेताना जसं मोजायचो तसं. तेवीस पत्ते, तेवीस ठिकाणी सही. आयुष्यात शेकड्यांनी एडीची, म्हणजे पोचपावतीची, कार्डं सह्या घेऊन परत पाठवली, पण माझ्या नावचं कार्ड मला पहिल्यांदा मिळालं. मी त्या मुलाला म्हटलं, "याची प्रत दे." तो म्हणाला, "सीडीत आहे काका." मी म्हटलं, कागदावर दे. दिली.

आमचं रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टात विलीन केलं. असो, तो विषय काढला तर हा अभिप्राय भलतीकडं जाईल.

चुकीच्या दारात काय पडलं तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर ही जाहिरात होईल. पीएसएमएची पाटी फक्त कॅन्सरवर नसते. लाळग्रंथींवर असते, अश्रुग्रंथींवर असते, मूत्रपिंडात असते. फोटोत दोन्ही गालांत दिवे लागल्यासारखे दिसतात. बर्फ बांधूनही दुसऱ्या डोसनंतर तोंड कोरडं पडलं ते पडलंच. भाकरी घशाखाली उतरेना. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, किंवा ताकात, किंवा पातळ पिठल्यात. कोरडा झुणका हा पदार्थ माझ्यापुरता इतिहासजमा झाला. रात्री उशाशी तांब्या, चार वेळा उठून घोट. शिवाय कॅन्सर हाडांत, आणि रक्त बनतं हाडांतच, त्यामुळे शेजाऱ्याला झळ लागते. प्लेटलेट ९८ हजारांवर आल्या, हिमोग्लोबिन ८.९. तिसरा डोस त्यामुळं दोन आठवडे पुढं ढकलला.

घरी येतानाही नियम. गाडीत मागच्या सीटवर, चालकाच्या तिरक्या कोपऱ्यात बसायचं. खंबाटकीला चहा प्यायला मी एकटा बाहेर उभा. नातू चार वर्षांचा, त्याला आठवडाभर मांडीवर घ्यायचं नाही. झोपणं वेगळं. लघवी बसून, पाणी दोनदा सोडायचं. नातवाला काय सांगायचं? आजोबांच्या अंगात बॅटरी आहे असं सुनेनं सांगितलं. मग तो रोज लांबून ओरडून विचारायचा, "संपली का?" साडेसहा-पावणेसात दिवसांत निम्मी होते, पुढच्या तितक्याच दिवसांत त्याच्या निम्मी. लघवीतून जातं ते वेगळं.

आता कापलेला तारा. दुसऱ्या डोसला आम्ही आदल्या रात्री पुण्यात येऊन लॉजवर राहिलो. सकाळी उपाशीपोटी केंद्रात हजर. अकरा वाजता खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, लुटेशियमचं पार्सल आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात या. पार्सल उशिरा येतं, हे मला कुणी सांगू नये. पाऊस, विमान, कस्टम, काहीही होतं. ते वाटेतच निम्मं व्हायला लागतं हेही कळतं. पण त्यांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं! एक फोन करायचा. माझ्या फाइलवर मुलाचा, सुनेचा आणि माझा असे तीन नंबर लिहिलेले आहेत. पत्र आलं नाही तर पोस्टमन दारावरून तसाच निघून जात नाही, "आज काही नाही हो आप्पा" म्हणून सांगून जातो. लॉज, गाडी, मुलाची रजा, सगळं गेलं. वर "रिपोर्ट पुढच्या खेपेला घ्या" म्हणून तोही दिला नाही. मिळाला तेव्हा चार पानी इंग्रजी, समजावून सांगायला कुणी नाही. तो पुतणीनं फोनवर वाचून दाखवला.

खर्चाचं. एका डोसला मला पावणेदोन लाखांच्या आसपास पडले, पेट आणि लॉज वेगळं. टपाल खात्याचा निवृत्त माणूस, औषधपाण्याचा भत्ता महिन्याला एक हजार रुपये. बारा गुंठे विकले. मुलगा म्हणाला विहिरीकडचे नको, रस्त्याकडचे विकू. मी म्हटलं विहिरीकडचेच विक, रस्त्याकडचे तुला लागतील.

त्यावर मिळालं काय? डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं. त्यांनीही सरळ सांगितलं. ज्या मोठ्या चाचणीवरून अमेरिकेनं मार्च २०२२ मध्ये याला परवानगी दिली तीत ८३१ रुग्ण होते, केमो आणि गोळ्या होऊन गेलेले, माझ्यासारखेच. हे औषध मिळालेल्यांचं मधलं आयुष्य १५.३ महिने, न मिळालेल्यांचं ११.३. मधलं म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, निम्मे कमी. चार महिने. कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. बरा होशील असं ते एकदाही म्हणाले नाहीत. बारा गुंठे आणि चार महिने, म्हणजे गुंठ्याला दहा दिवस. हा हिशेब मी लॉजच्या पलंगावर केला आणि कुणाला सांगितला नाही, इथंच पहिल्यांदा लिहितोय.

माझा पीएसए १४८ वरून ६१, मग २२, मग ९.४. चौथ्यानंतर ११.२. शेवटचा आकडा वर गेलाय हे मला दिसतं. पण पहिल्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात मी एका रात्री उजव्या कुशीवर झोपलो होतो. सकाळी जाग आल्यावर कळलं. सौभाग्यवती बघत बसली होती, उठवलं नाही तिनं. मॉर्फिनची गोळी अर्ध्यावर आली, मग बंद. संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जातो, कृष्णा-कोयना जिथं समोरासमोर येऊन भेटतात तिथं बाकावर बसतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा भेळवाला म्हणाला, "आप्पा, मला वाटलं तुम्ही गेलात." मी म्हटलं, "पत्ता बदलला नाही अजून." भेळ घेतली. पुरी कडक होती, पाण्यात बुडवून खाल्ली.

चौथ्या डोसनंतरचा कागद पहिल्या कागदाशेजारी लावलाय. तेवीस होते, आता नऊ मोजले. मानेतला एक मला नक्की वाटत नाही, पुतणी म्हणते तो धरायचा, मी म्हणतो नाही. पाचव्या डोसची तारीख १९ आहे. या वेळी आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मीच केंद्रात फोन करून पार्सल आलं का विचारणार आहे, आणि मगच गाडी काढायला सांगणार आहे. लॉजवाल्याला खालच्या मजल्यावरची खोली सांगून ठेवलीय.